उसना रवंथ

पेंडीचं पोतं उंदरांनी आधीच कुरतडलेलं होतं,
मोरीनं फक्त तोंड घातलं.
दावं कधी तुटलं कुणाला कळलं नाही.
पहाटे ती गोठ्यात उभी,
डावी कूस ढोलासारखी ताठ, कान थरथरताहेत,
दाढा कराकरा वाजताहेत नुसत्याच.

जांबोटीच्या डॉक्टरांचा फोन लागेना.
मष्णू गावडे, म्हणजे माझे बाबा, मला म्हणाले,
"तू ह्यातलंच शिकलीस न्हवं?"

शिकले होते.
दोन वर्षं बेळगावात
कत्तलखान्यातून थर्मासमध्ये यायचं ते हिरवं, कोमट पाणी,
नाकाला रुमाल बांधून गाळायचं,
हवा लागायच्या आत बाटलीत बंद करायचं,
कारण त्यातल्यांना हवाच विष.
काचेखाली बघायचे मी त्यांना:
गोल, आखूड काड्या, काही जोडीजोडीनं,
प्रथिनाची साखळी कडी कडी करून उसवणारे.
बेताचं मिळालं तर त्यातून स्वतःचं अंग घडवतात.
एकदम घमेलंभर पेंड आली
तर तोडतच सुटतात,
आणि घडवणाऱ्यांचे हात पुरत नाहीत.
उरतो अमोनिया.
तो रक्तात चढतो.

हे सगळं मला पाठ होतं.
गाईच्या घशात नळा कसा घालतात ते माहीत नव्हतं.
ते आईनं केलं. आमसुलाचं आंबट, गार पाणी,
बांबूच्या नळ्यानं, थोडं थोडं,
मान फार वर न उचलता.

दुपारी कूस उतरली.
पण मी कान लावला तर आत
काहीच नाही. मिनिटाला एकदा तरी
लांबच्या मळणीसारखं गडगडायला हवं.
हिरवा कडबा पुढ्यात तसाच.
माझ्या डोक्यात आलं, मेले असतील आतले,
आणि ते मी कुणाला सांगितलं नाही.

पलीकडच्या दुंडव्वा आल्या, हातात पितळी वाटी.
"मेलुक निंतैतेनु?"
रवंथ थांबला का, एवढंच विचारलं
आणि उत्तराची वाट न बघता परत गेल्या.
त्यांची तांबू काजूखाली बसून चघळत होती.
दुंडव्वांनी तिच्या गळ्याखाली बोट ठेवलं.
गोळा वर सरकताना दिसतो, बघितलंय का कधी?
तो तोंडात पोचला, आणि दुसरा हात
गालाच्या कडेनं आत, बाहेर,
तांबूला आपलं काय गेलं ते कळायच्या आधी.
असे पाच गोळे. वाटी भरली.
पदराखाली झाकून, धावत,
आणि मोरीच्या जिभेच्या मुळाशी.

मला हसू येत होतं.
प्रयोगशाळेत त्या हवाबंद पेटीला
किती लाखांचं कुलूप होतं!

रात्री अकराला मोरीनं ढेकर दिली.
मग खालचा जबडा एका बाजूला सरकला,
थांबला, आठवल्यासारखा
परत सरकला.
बाबा तिथंच पोत्यावर झोपले.

गाय गवत खाते असं आपण म्हणतो.
गवत ते खातात.
त्यांची पिढी वाढते, भरते, पुढच्या पोटात वाहून जाते,
आणि तिथं गाय त्यांना पचवते,
रोज, कोट्यवधींनी, डोळे अर्धे मिटून.
आपल्याच पोटात तिनं राखलेलं हे कुरण.
दुधाचा दाटपणा बराचसा त्यांच्याच अंगाचा.
पुस्तकात हे एका आकृतीत होतं, बाण दाखवून.
परीक्षेत मी तो बाण उलटा काढला होता.

दहाव्या दिवशी दुंडव्वांनी कुंपणावरून हाक मारली.
औषधाचं काही नाही, म्हणाल्या,
वाटी तेवढी पाठवा.

राखेनं घासली मी ती. वास गेला नाही पूर्ण.
रिकामी वाटी परत देऊ नये म्हणून
मोरीचं सकाळचं दूध ओतलं काठोकाठ
आणि हळूहळू चालत गेले.
त्यांनी वाटी उजेडात तिरपी धरली,
दूध काठाला कसं चिकटतं ते बघितलं.
"तेळगैती," म्हणाल्या. पातळ आहे.
आणि पिऊन टाकलं.